फटफटीवरचा मुराळी

पौषातल्या सकाळीला पेट्रोलचाही वास असू शकतो, हे आमच्या गावाला माझ्यामुळे कळलं. तोवर त्या ऋतूचे वास ठरलेले होते. दवाने ओलसर झालेल्या कडब्याचा, चुलीत नुकत्या धरलेल्या तुराट्यांचा, हरभऱ्याच्या आंबट पाल्याचा, आणि धुकं विरळ होऊन कोवळं ऊन भिंतीला टेकलं की सारवलेल्या अंगणातून उठणाऱ्या मंद, उबदार वाफेचा. या सगळ्या सात्त्विक मंडळीत माझी फटफटी शिरली ती भजनात कुणी ताशा घेऊन यावं तशी. पहिल्या लाथेला ती कधीच सुरू झाली नाही. सातव्या-आठव्या लाथेला ती खोकायची, मागून निळा धूर सोडायची, आणि ताडकळसच्या बाजाराला निघालेले बैल बिथरून बांधावर चढायचे. मी मात्र कानटोपी, तिच्यावर काळा चष्मा आणि वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, गुडघ्याखाली पोचणारा जुना लोकरी कोट अशा थाटात फटफटीवर आरूढ व्हायचो. आरशात मला एक वैमानिक दिसे. इतरांना काय दिसत असे, ते विचारण्याचं धाडस मी केलं नाही.

आमच्या घरात जेवणं झाली की आता मोठी झालेली मुलंसुद्धा मला अजून गोष्टी सांगायला बसवतात आणि त्यांतली सर्वांत लाडकी हीच, बाबांच्या फटफटीची. लाथांचा हिशेब मी दर वेळी वाढवतो, बैल दर वेळी आणखी उंच चढतात, आणि मुलं हसून लोळतात. पण ही गोष्ट मी दर वेळी एका विवक्षित जागी थांबवतो. तिच्या पुढचा भाग मी घरात कधी सांगितला नाही. आज लिहितो आहे, कारण लिहिताना समोर कुणी बसलेलं नसतं.

निजामाचं राज्य जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. आमचा मुलूख नुकताच हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात वर्ग झाला होता. परभणीच्या ज्या कचेरीत मी कारकून होतो, तिथल्या कागदांची भाषा बदलली होती, माणसांच्या तोंडची बदलायची होती. साहेब अर्ज मराठीतच मागत आणि त्यावर 'दस्तखत' करून तो 'फौरन' पाठवायला सांगत. त्या काळात लष्कराच्या जुन्या मोटारसायकली कुठून कुठून आमच्याकडे आल्या आणि त्यांतल्या तीन आम्हा तिघा मित्रांच्या नशिबी आल्या. करीमचा स्टेशनाजवळ दुरुस्तीचा कारखाना होता, त्यामुळे त्याची गाडी चाले. शेषरावाची गंगाखेडच्या वाटेवर बागायत होती, त्यामुळे त्याच्या गाडीला पेट्रोल मिळे. माझ्याजवळ यांपैकी काहीच नव्हतं, म्हणून मी या टोळीचा म्होरक्या होतो. थंडी पडली की सुट्टीच्या दिवशी आम्ही एकामागे एक असे निघायचो. कुठं जायचं हे महत्त्वाचं नसे, मागे धूळ किती उठली हे महत्त्वाचं असे.

त्या वर्षी संक्रांतीला वच्छीला आणायचं होतं. वच्छला माझी धाकटी बहीण, तेव्हा विशीतली. सोनपेठच्या अलीकडच्या एका गावात, चांगल्या शेतीवाडीच्या घरात दिलेली. मी स्वतः उर्दूत शिकलो, तिने मात्र नव्या मराठी शाळेतून सातवी केली, आणि ती करताना कंदिलाच्या काचेवरची काजळी पुसत तिच्याशेजारी बसून उजळणी घेतली ती मी. पुढे लग्न झालं आणि ती उजळणी आम्ही दोघंही विसरलो, असं मी धरून चाललो होतो.

सासरहून लेकीला माहेरी आणायला जातो तो मुराळी. आमच्याकडे हे काम भावाचं, आणि त्याचं वाहन म्हणजे छत घातलेली बैलगाडी. सोनपेठहून आमच्या गावापर्यंत दोन दिवस, मधे एक मुक्काम. हे दोन दिवस वाया जातात असं मला वाटे. ते कशासाठी असतात, हे मला फार उशिरा उमगलं. गाडी सासरच्या शिवेबाहेर पडेपर्यंत लेक गप्प असते. शीव ओलांडली की ती आधी म्हशींबद्दल बोलते, मग जावांबद्दल, मग नदी येते. नदीपलीकडे, बैल आपल्या चालीला लागले आणि भावाची पाठ तिच्याकडे असली की, डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही म्हणून, ती खरं बोलायला लागते. रडायचं असेल ते रडून घेते. बापासमोर जे तोंडातून निघणार नाही, आईला जे सोसणार नाही, ते भावाच्या पाठीवर ठेवून देते, आणि गावाजवळच्या ओढ्यावर उतरून तोंड धुते. मग घरात शिरते ती हसरी. नंतर सवडीने भाऊ अण्णांच्या कानावर काय घालायचं ते घालतो. हा कारभार कुणी ठरवलेला नव्हता, पण पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट चालला होता. तो मोडीत काढण्याचा मान माझा.

अण्णांनी किसनबाला गाडी जुंपायला सांगितलं होतं. किसनबा आमचा जुना सालगडी, माझ्या जन्माआधीपासून घरात. मी म्हणालो, दोन दिवस कशाला, तीन तासांत आणतो. अण्णा माझ्या चष्म्याकडे पाहत राहिले. तो त्यांचा होकार आहे असं मी समजलो.

आम्ही तिघं तिच्या दारात पोचलो तेव्हा निम्मं गाव गोळा झालं होतं. सून धुराच्या गाडीवर बसून जाणार म्हणून तिच्या सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, पण आमचे दाजी हसले आणि परवानगी मिळाली. वच्छी एका अंगाने बसली. आमच्या दोघांमध्ये तिचं गाठोडं, डोक्यावरून शाल, एक हात सीटमागच्या लोखंडाला. थंडीने तिची बोटं निळसर पडलेली मला दिसली होती. माझ्या हातांत मात्र मोजे होते.

रस्त्याच्या दोन्ही कडांना ज्वारी निसवली होती, कणसांवर ऊन थरथरत होतं, आणि करडईच्या पिवळ्या पट्ट्यांवरून वारा असा धारदार येत होता की श्वास घेताना नाकात काचा गेल्यासारखं व्हायचं. कोस-दीड कोस गेल्यावर ती माझ्या कानाशी वाकली. "दादा, जरा हळू चालव. मला बोलायचंय तुला."

वाऱ्याने तिचे शब्द उडवून नेले, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मला स्वच्छ ऐकू आलं होतं. पण करीम पुढे निघून गेला होता, शेषराव बाजूला येऊन दात काढत होता, आणि बहिणीला मागे बसवल्यामुळे मी मागे पडलो असं कुणी म्हणावं, हे माझ्यातल्या वैमानिकाला सहन होणारं नव्हतं. मी मान हलवली आणि वेग वाढवला.

नदीवर नाव होती. हिवाळ्यातली गोदावरी, आटोपशीर, हिरवट, तळातले गोटे मोजावेत इतकी निर्मळ. तिन्ही फटफट्या नावेत आडव्या लावल्या, यंत्रं बंद झाली, आणि कानांत अचानक एवढी शांतता भरली की वल्ह्यावरून ओघळणारं पाणीसुद्धा ऐकू येऊ लागलं. वच्छी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिने शाल मागे सारली होती. धुळीने तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि त्यामुळे ती एकदम पोक्त दिसत होती. "दादा, एक इचारायचं व्हतं," ती म्हणाली, "अण्णांला तूच सांगशील तर—" तेवढ्यात नाव कलंडल्यासारखी झाली आणि माझी फटफटी घसरली. मी ओरडलो नाही, पण जे बोललो ते प्रत्येक अक्षरासकट मला पाठ आहे. "वच्छे, घरी गेल्यावर सांग. आधी हे हँडल धर."

तिने हँडल धरलं. पलीकडचा काठ येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवलं. आणि मी करीमला क्लचची तार दाखवत राहिलो.

पुढे शेषरावाच्या रानात हुरडा होता. गोवऱ्यांच्या आगीत भाजलेली कणसं तिने तळव्यांवर चोळून आम्हा तिघांच्या पुढ्यात दाणे टाकले, आणि मी तिच्या लहानपणीचे किस्से रंगवून सांगितले. शेरडाने हिची पाटी कशी चाटली, उजळणीत ही सातच्या पाढ्याशी कशी अडायची. सगळे हसले. तीही हसली. करीमने तेवढं एकदा तिच्याकडे पाहून मला हळूच म्हटलं, "मियाँ, बहन थक गई दिसती. जरा ठैर के चलें?" मी म्हटलं, थकायला ती काय चालत आली आहे?

माझी गोष्ट मी मुलांना सांगतो ती इथं, हुरड्याच्या हसण्यावर थांबवतो.

ओढ्यावर मी थांबलो नाही. दुपार कलायच्या आत फटफटी थेट दारात नेली. आईने धुळीने माखलेल्या लेकीला जवळ घेतलं आणि कशी आहेस म्हणून विचारलं. अंगणात शेजारपाजारच्या बायका, मी, माझे दोन मित्र. "बरी हाय," वच्छी म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

ती आठ-दहा दिवस राहिली. घर हळदीकुंकवाच्या बायकांनी भरलेलं असे आणि मी सुट्टी घेऊन आलेला, पण घरात कुठं होतो? आम्हा तिघा मित्रांचा बेत देवगाव फाट्यापर्यंत जाऊन येण्याचा होता आणि फटफटीचं पोट अंगणात उघडं पडलेलं होतं. दोनदा ती चहा घेऊन आली आणि कप रिकामा होईपर्यंत शेजारी बसून राहिली. दोन्ही वेळा मी तिला पाना उचलून द्यायला सांगितलं. तिला परत पोचवायचा दिवस आला तो नेमका आमच्या बेताचा. मी किसनबाला म्हणालो, या खेपेला तूच जा.

किसनबा पाचव्या दिवशी परतला. बैल सोडण्याआधीच तो ओसरीवर अण्णांसमोर उकिडवा बसला. मी तिथंच होतो. खाली मान घालून, जमिनीवर काडीने रेघा ओढत त्याने सांगितलं ते असं. वच्छीबाईंच्या सासरगावी शाळा निघाली आहे, पण पुरुष मास्तर म्हणून लोक पोरी पाठवत नाहीत. मास्तर म्हणाले, सातवी झालेल्या बाईला परभणीला वर्षभर शिकवून मास्तरीण करतात. दाजींची ना नाही, पण त्यांच्या वडिलांना माहेरहून शब्द गेला पाहिजे. अण्णांनी एकदा येऊन बोलावं. वर्षभर दादाच्या परभणीच्या बिऱ्हाडी राहता येईल का, हे दादाला विचारायचं आहे. अर्जाची मुदत थोडी राहिली आहे.

"तुला कधी सांगितलं हे?" अण्णांनी विचारलं.

"रस्ताभर बोलल्या, मालक. म्या आपला बैल हाकायलो, आन् त्या बोलायल्या."

अण्णा माझ्याकडे वळले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, की तिला आणताना तू बरोबर नव्हतास का?

अण्णा दुसऱ्याच दिवशी त्याच गाडीतून निघाले. व्याही एका बैठकीत तयार झाले. सुनेने मास्तरीण होण्यात त्यांना उलट भूषणच वाटलं. पण परभणीत अर्ज घेऊन गेलो तेव्हा मुदत टळून चार दिवस झाले होते. खिडकीतल्या कारकुनाने माझ्यासारख्याच कारकुनी आवाजात मला सांगितलं, पुढच्या साली या. पुढच्या साली वच्छी बाळंतपणाला आमच्याकडे होती. त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही. तीन-चार वर्षांनी त्या गावात बाहेरची एक बाई मास्तरीण म्हणून आली आणि वच्छीच्या माजघरात शाळेतल्या पोरींचे पाढे ऐकू येऊ लागले. हे मला तिने नाही, दाजींनी सांगितलं.

किसनबा परतला त्या दिवशी, अण्णा उठून आत गेल्यावर मी किसनबाच्या मागोमाग गोठ्यात गेलो. तो बैलांच्या माना चोळत होता. मी विचारलं, आणखी काय म्हणाली? दोन दिवसांच्या वाटेत एवढंच बोलली?

"न्हाई. लय बोलल्या."

"मग?"

"एवढं सांग म्हणल्या, तेवढं सांगितलं. बाकीचं न्हाई." मग बैलाच्या पाठीवर थाप मारत, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "तुमाला सांगायचं असतं तर तुमालाच सांगितलं असतं की, दादा."

किसनबाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ते बाकीचं त्याच्याबरोबर गेलं. करीमच्या कारखान्यामागे माझी फटफटी गंजून गेली, तिचं मला काही वाटलं नाही.

मागच्या हिवाळ्यात नातवाच्या बारशासाठी वच्छीला आणायला मी एस्टीने सोनपेठला गेलो. मुलगा म्हणाला होता, जीप पाठवतो. मी नको म्हटलं. परतताना आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाली, ती खिडकीशी. तिचे केस कानांजवळ पांढरे झाले आहेत, या वेळी धुळीने नव्हे. मी मनाशी ठरवलं होतं की या प्रवासात आपण तोंड उघडायचं नाही. एकही किस्सा नाही, एकही विनोद नाही. फक्त तिच्याकडे कान ठेवून बसायचं. नदीवरचा पूल आला आणि गेला. तूर कापणीला आलेली रानं आली, मेंढरांचा एक लांबच लांब कळप रस्ता ओलांडेपर्यंत गाडी थांबली, तिच्या मांडीवरच्या पिशवीत तिने दोनदा काहीतरी चाचपलं आणि परत बाहेर पाहू लागली. एवढ्या वर्षांत ते बाकीचं तिने कुणाकडे ठेवलं असेल, की ठेवायचंच सोडून दिलं असेल? परभणी दिसायला लागली तेव्हा ती माझ्याकडे वळली आणि काळजीने म्हणाली, "दादा, लय गप झालास आताशा. बरं न्हाई का तुला?"

"न्हाई गं," मी म्हणालो, "ऐकायलोय."

ती हसली, अगदी मोकळं. "काय ऐकायलास? मी तर काई बोलले बी न्हाई."