अण्णांची कादंबरी पुरी व्हायची होती

वेड्या माणसाच्या गोष्टी सांगायला कुणी लाजत नाही, म्हणून त्या भराभर साठतात. तमिळ मुलखातल्या आमच्या गावी, जुन्या मराठा राजवाड्यामागच्या गल्लीत दर रविवारी आम्ही चार मराठी माणसं कॉफीला जमायचो. त्यातले अण्णा कादंबरीकार. पोस्टात नोकरी, तीही पुढे सुटली. त्यांच्या गोष्टी आम्ही हसत सांगायचो. आता माझ्याच्यानं हसवत नाही.

*

अण्णा मराठी लिहायचे तमिळ लिपीत. आमच्याकडे बहुतेकांचं तसंच. पहिलं बाड पुण्याला धाडलं. प्रकाशकाचं पत्र आलं, "आम्ही तमिळ पुस्तकं छापत नाही."

मी हिंदीच्या शिकवण्या घेणारा, मलाच काय ती देवनागरी येते. दुसरी कादंबरी उतरवून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

*

एका रविवारी अण्णांनी कॉफीला हात लावला नाही. "सुतक आहे. गोदावरी गेली सकाळी."

गोदावरी म्हणजे कादंबरीतली विधवा आत्या! दहा दिवस पाळले त्यांनी. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या, "माझी आई गेली तेव्हा हे तिसऱ्या दिवशी कामावर होते." आम्ही पोट धरून हसलो. वहिनी हसल्या नव्हत्या, हे मला फार उशिरा आठवलं.

*

मग आवाज ऐकू यायला लागले. तिरुचीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. आवाज थांबले आणि लिहिणंही. तेव्हा घरोघरी केबल आली होती. अण्णा दिवसभर टीव्हीसमोर, पण बघत काहीच नसत. हात इतके थरथरायचे की टंबलरमधली कॉफी धोतरावर. शेवटचा अध्याय तसाच राहिला होता.

एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाले, "गोळ्या बंद केल्यात. रोज मोरीत टाकतो. हिला सांगू नका, राव. एवढा अध्याय होऊ दे."

मी नाही सांगितलं. खरं सांगतो, मलाही शेवट वाचायचा होता.

*

तीन आठवड्यांत सत्तर पानं. अशी पानं मी आयुष्यात वाचलेली नाहीत. शेवटचं पान माझ्या हातात दिलं, त्याच दिवशी अण्णा घरातून निघून गेले. वहिनी एसटीडी बूथवरून एकेका नातलगाला फोन करत होत्या आणि मी शेजारी उभा राहून नंबर लावून देत होतो. तेव्हाही बोललो नाही. पाचव्या दिवशी पापनाशमला कालव्याकाठी सापडले. पायात चप्पल नाही, कुणाला ओळखत नाहीत.

*

वर्षभराने सावरले. छापून आलेलं पुस्तक घेऊन मी गेलो. मुखपृष्ठावरचं देवनागरीतलं स्वतःचं नाव त्यांना वाचता येईना, मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवलं. वहिनी आत कॉफी करत होत्या.

हळूच म्हणाले, "राव, मी तर आजारी होतो. तुम्ही हिला का नाही सांगितलंत?"