शेवटच्या दोन ओळी

वाचनालयात आले की आबा आधी हातातली पिशवी टेबलाशेजारच्या खिळ्याला अडकवायचे, मग बसायचे. पिशवी जळगावातल्याच एका सराफाची, लाल कापडाची. कोणी टक लावून पाहिलं की म्हणायचे, "सोनं शे, भाऊ. हात नका लावू." तुम्हीही फसला असता. आत लघवीची प्लास्टिकची थैली असे आणि तिची नळी धोतरात गेलेली असे.

डाळमिलमध्ये पोत्यांची थप्पी अंगावर कोसळून त्यांचं मूत्राशय फाटलं होतं. धुळ्याच्या दवाखान्यात दोनदा शिवलं, पण तिथला स्नायू काही जुळेना. "टाका धरत नही. कापडच जुनं शे," असं आबा सांगत. तिसऱ्या ऑपरेशनात पोटाला कायमचं भोक पाडून लघवी तिथून काढायची, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. आबा ते टाळत होते.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. एका सकाळी वर्तमानपत्रात बातमी आली, की परदेशात मूत्राशयाच्या जखमेत जनुक सोडून तिथला स्नायू भरून आणला. मी तिथला ग्रंथपाल; आबांना वाचता येत नसे, म्हणून ती मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. जनुक म्हणजे बियाण्यातला गुण, असं माझ्या अर्ध्या ज्ञानावर ठोकूनही दिलं. प्रयोगशाळेत वाढवलेली केळीची रोपं आबांनी पाहिलेली होती.

"केळीनं जमस, मंग माणूसनं काबर नही?" ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला, की बातमीच्या शेवटच्या दोन ओळी मी वाचल्याच नाहीत. प्रयोग उंदरांवर झाला होता, आणि माणसांपर्यंत तो कधी पोचेल हे सांगता येत नव्हतं.

घरी सुनेकडून पुन्हा वाचून घ्यायला त्यांनी कात्रण मागितलं. वर्तमानपत्राला कात्री लावणाऱ्याचं सभासदत्व मी रद्द करत असे. त्या दिवशी कात्री मीच चालवली, त्या दोन ओळी वगळून; त्यांची पट्टी ड्रॉवरमध्ये टाकली.

औषध येतंय या भरवशावर आबांनी ऑपरेशन लांबवलं. "औषध ई ऱ्हायनं, भाऊ. पोट कसाले फाडू?" पुढे त्यांना अधूनमधून थंडी वाजून ताप येऊ लागला. तरी माझं तोंड उघडलं नाही.

वर्षभरानं वाचनालयात मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांचं व्याख्यान झालं. पाहुण्यांचा परिचय व्याख्यानापेक्षा लांबला. शाल झाली, श्रीफळ झालं, अध्यक्षांना त्यांचं स्वतःचं बालपणही आठवलं. शेवटी प्रश्नांची वेळ आली, तेव्हा आबा पिशवी सांभाळत उठले आणि आपलं दुखणं सांगून त्यांनी कात्रण पुढे केलं.

डॉक्टरांनी ते वाचलं. अंगावरची शाल बाजूला ठेवून ते मंचावरून खाली उतरले आणि हळू आवाजात म्हणाले, "आबा, हे उंदरांवर केलंय. माणसांना अजून देत नाहीत. तुम्ही ऑपरेशन करून घ्या, उशीर करू नका."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. दारातून बाहेर पडताना एवढंच म्हणाले, "चला, उंदीर तरी बरा झाया."

धुळ्याला गेले तोवर किडन्या हातच्या गेल्या होत्या. ते परत आले नाहीत.

तेराव्यानंतर त्यांची सून घडी घातलेलं कात्रण घेऊन आली. "आबानी सांगेल व्हतं, हाऊ कागद तुमना शे."

दोन ओळींची ती पट्टी माझ्या ड्रॉवरमध्येच होती. डिंक लावून मी ती कात्रणाखाली बसवली. कागद लगेच जुळला.