पडद्याच्या कोपऱ्यातलं नाणं

पडदेवाल्यांची बायको गेली त्याला आठ महिने झाले होते, आणि गल्लीची त्यांच्याबद्दल एकच तक्रार होती. हा माणूस रडला नाही. चौथ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं, खिडक्यांची मापं घेतली, कापड कापलं. कुणी सांत्वनाला आलं की "हो ना" म्हणायचे आणि पुन्हा चुण्या घालायला लागायचे. आधी लोक म्हणाले, धक्का बसलाय. मग म्हणाले, दगड आहे. समोरच्या इस्त्रीवाल्याच्या बायकोने तर बाहेर काहीतरी भानगड असणार, इथपर्यंत मजल मारली. आता ज्या माणसाला स्वतःच्या कपाळावर चढवलेला चष्मा सापडत नाही, त्याला बाहेरचं काय सापडणार!

खरी गोष्ट अशी की पडदेवाल्यांना स्वतःलाही याचं नवल वाटत होतं. दात काढायच्या आधी सुई देतात तेव्हा गाल आपला वाटत नाही, तसं त्यांचं सगळंच झालं होतं. जेवायचे, झोपायचे, उठायचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, डावा तर पार पिकला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं आणि त्याचे पैसे बायकोने हयात असतानाच बाजूला काढून ठेवले होते. पण हे काही जात नव्हते. जायचं नाही असंही म्हणत नव्हते. जात नव्हते, एवढंच.

त्यांची मेव्हणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहायची. तिला सगळे बिनतारी म्हणत. सकाळी तिच्या कानावर पडलेली गोष्ट दुपारपर्यंत कुणाला कळली नाही, असं आजवर झालेलं नाही. त्या दिवशी आल्या आल्या तिची नजर खिडकीवर गेली.

"भावोजी, हा पडदा आहे की पायपुसणं? काढा तो. मशीनमध्ये टाकते."

"कोपऱ्यांत वजन आहे. उसवावे लागतील."

पडदा सरळ पडावा म्हणून खालच्या दोन्ही कोपऱ्यांत शिशाचे तुकडे शिवतात. घरच्या पडद्याला दुकानातलं शिसं कशाला, म्हणून पडदेवाल्यांची बायको त्यात वडिलांच्या डब्यातली, चलनातून गेलेली नाणी घालायची. पडदेवाल्यांनी डावा कोपरा उसवला तसं एक नाणं पडलं आणि घरंगळत खाटेखाली गेलं. बिनतारी गुडघ्यांवर बसून, कण्हत, ते घेऊन आली.

"हे वेगळंच दिसतंय हो. भिंगवाल्यांना दाखवू या."

भिंगवाले घड्याळं दुरुस्त करायचे आणि जुन्या नाण्यांसाठी जीव टाकायचे. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं ते काढेचनात.

"अहो, बोला की," बिनतारी म्हणाली. "निदान श्वास तरी घ्या."

"त्या वर्षी हे फार थोडं पाडलं होतं," भिंगवाले हळूच म्हणाले. "आणि हे तर वापरलेलंच नाही. ग्रेडिंगला पाठवा."

"म्हणजे कुठे?"

"संस्था असते. तिथले जाणकार तपासतात, झिजलंय किती, झळाळी किती, ते बघून गुण देतात आणि प्लास्टिकच्या डबीत सील करून पाठवतात. चांगले गुण पडले ना, तर दोन्ही डोळे होऊन वर दुकानाला नवं दार बसेल."

"आणि नापास झालं तर?"

"फी, विमा, पाठवणावळ. डोळ्यांसाठी ठेवलेत तेवढे गेले म्हणून समजा." मग ते पडदेवाल्यांकडे वळले. "एक सांगा. हे कधी घासलंय का? घासलेल्या नाण्याला ते गुणच देत नाहीत. 'साफ केलेलं' असं लिहून परत करतात."

"तुमच्या त्या भिंगाला एवढं दिसू नये?" बिनतारी म्हणाली.

"बारीक रेघा आहेत. कापडाच्या असतील, घासल्याच्या असतील. ते घरच्याच माणसाला ठाऊक."

घरच्या माणसाला ठाऊक होतं, पण अर्धंच. बायको प्रत्येक नाणं लिंबू आणि मीठ लावून लख्ख घासायची, नाहीतर म्हणे कापडावर डाग उतरतो. पडदेवाले मात्र हाताला येईल ते नाणं तसंच आत सरकवायचे. तेव्हा प्रश्न एवढाच होता की या पडद्याची तुरपाई केली कुणी.

आणि इथे एक गुपित होतं, जे बिनतारीलाही माहीत नव्हतं, म्हणजे बघा. गावभर नाव होतं ते पडदेवाल्यांच्या बाईंच्या तुरपाईचं. पण शेवटच्या काही वर्षांत त्यांची बोटं आखडायला लागली, आणि तुरपाई पडदेवाले दुकानाच्या मागच्या खोलीत बसून करायला लागले. बाई पुढे सुई हातात धरून बसायच्या. गिऱ्हाईक कौतुक करून गेलं की आत येऊन म्हणायच्या, "बघा, माझ्यामुळे तुमचं केवढं नाव झालं." हा पडदा नेमका बोटं आखडायला लागली त्या वर्षीचा. त्या वर्षी अर्धे पडदे तिने शिवले, अर्धे यांनी. आणि यांनी तिचा टाका असा उचलला होता की पुढे त्यांनाच ओळखू येईना.

"घासलंय की नाही, भावोजी?" बिनतारीने वाटेत तीनदा विचारलं.

"बघावं लागेल."

घरी येऊन त्यांनी पडदा मांडीवर घेतला. पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा, त्यांना काय दिसणार? त्यांनी डोळे मिटले आणि दुमडीवरून अंगठा फिरवायला सुरुवात केली.

ती डावखुरी होती. तिची तुरपाई डावीकडून निघायची आणि उजव्या कोपऱ्यात संपायची. यांची उजवीकडून निघून डावीकडे. सुरुवातीची गाठ आत दडवतात, पण संपवताना पक्कं व्हावं म्हणून एकावर एक तीन टाके घालतात, ते हाताला लागतात. डावा कोपरा तर उसवून झाला होता, दोरे केरात गेले होते. अंगठा सरकत सरकत उजव्या कोपऱ्यावर आला आणि थांबला. तिथे बाजरीच्या दाण्याएवढा उंचवटा होता.

"तिची आहे," ते म्हणाले. त्यांना काहीच वाटलं नाही. "म्हणजे घासलेलं. पाठवायचं नाही."

"अहो, असं कसं?" बिनतारीचा जीव तुटत होता. "एखादं राहिलं असेल की! ताईचे हात दुखत होते तेव्हा. दुखत्या हातांनी कोण घासत बसतंय? केला असेल कंटाळा."

"न घासता ती शिवणार नाही."

"माणूस म्हटलं की एखाद्या वेळी—"

"तुला काय माहीत!"

आवाज ऐकून समोरच्या इस्त्रीवाल्याच्या हातातली इस्त्री शर्टावर जरा जास्तच टेकून राहिली. पडदेवाले उभे राहिले होते आणि त्यांचा आवाज चिरकत होता. "कंटाळा म्हणे! बोटं शेकत बसायची आणि वर मला लिंबू कापायला सांगायची! एक नाणं तसं नाही घातलं तिने. एक! आणि तू तिला आळशी म्हणतेस?"

बोलून झाल्यावर तेच घाबरल्यासारखे खाली बसले. दुसरी कुणी असती तर रुसून गेली असती. बिनतारीने पायांत चपला सरकवल्या आणि ती लगबगीने बाहेर पडली.

"मग? पाठवायचं का?" भिंगवाल्यांनी दुकानातूनच विचारलं.

"नाण्याचं राहू द्या हो," ती म्हणाली. तिचं नाक लाल झालं होतं. "भावोजी ओरडले! माझ्यावर! केवढ्यांदा म्हणून सांगू. उद्या ओढत नेते त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे." आणि ती पुढच्या दाराशी सांगायला गेली.

इकडे पडदेवाल्यांनी उजवा कोपरा उसवायला कात्री घेतली. त्या तीन टाक्यांखाली टोक घातलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मग त्यांनी कात्री ठेवली, बादलीत पाणी काढलं आणि पडदा तसाच, हातानेच, धुवायला घेतला.