पूरक द्रव्य क्रमांक सात

नाव : श्री. व्ही. बी. हत्तरकी. हुद्दा : संशोधन अधिकारी. शिक्षण : बी.एस्सी. (रसायनशास्त्र), द्वितीय श्रेणी. उंची : पाच फूट पाच इंच. ओळखीची खूण : उजव्या मनगटावर भाजल्याचा व्रण (प्रयोगशाळेतील अपघात). वडिलांचा व्यवसाय : शेती व व्यापार. विशेष कामगिरी : तैलवाळूतून डांबर वेगळे करण्यासाठी पूरक द्रव्य क्र. ७ स्वतंत्रपणे विकसित केले. वर्तणूक : समाधानकारक.

हे माहितीपत्रक शिरोली एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्याच्या फायलीत आहे, आणि त्यातली उंची बरोबर आहे.

व्रण प्रयोगशाळेतला नव्हता. सहा वर्षांचा असताना वीरेशने कोडोलीच्या गुऱ्हाळात तापलेल्या काहिलीच्या काठाला हात टेकला होता. वडील, भीमाप्पा, त्या गुऱ्हाळातले गुळव्या. रसावरची मळी कधी काढायची, पाक कधी उतरवायचा हे गुळव्याने सांगायचं आणि गुऱ्हाळाच्या मालकानेही ऐकायचं, अशी रीत. त्याला व्यापारी म्हणणं म्हणजे आचाऱ्याला हॉटेलमालक म्हणण्यासारखं. पण कॉलेजच्या पहिल्याच वर्षी बाकावरच्या एकाने "मळीचा वास कुठनं येतोय रे?" असं विचारलं, आणि तेव्हापासून अप्पा कागदोपत्री व्यापारात गेले ते परत आले नाहीत.

कारखाना वाळूच्या साच्यांत लोखंड ओतणाऱ्या फाउंड्र्यांना लागणारी रसायनं बनवायचा. २००३ साली मालक सयाजीराव यांना पुण्याच्या एका दलालाने कॅनडाचं काम आणून दिलं. तिकडे जमिनीतल्या वाळूत डांबर मुरलेलं असतं. ती वाळू सोडा घातलेल्या गरम पाण्यात घुसळली की डांबर सुटून फेसाबरोबर वर येतं. पाण्यात नेमकं औषध पडलं तर जास्त सुटतं. ते औषध हवं होतं.

"वाळूचं काम म्हटल्यावर शिरोलीपेक्षा कुणाला जास्त कळतंय?" सयाजीराव म्हणाले. वाळू हा शब्द सोडला तर फाउंड्रीत आणि ह्या कामात काहीही साम्य नव्हतं, हे वीरेशला ठाऊक होतं. पण त्याला नुकताच 'संशोधन अधिकारी' हा हुद्दा मिळाला होता आणि मंगळवार पेठेतल्या घराच्या दारावर पाटीही लागली होती.

आठ महिन्यांत सहा औषधं झाली. नुसत्या सोड्याने शंभरातले एक्याऐंशी भाग डांबर निघायचं. सहाही औषधांनी त्याहून कमी काढलं. चौथ्याने काचेचं भांडंही कायमचं कामातून गेलं. फेब्रुवारीत कॅनडाचे पाहुणे बघायला येणार असं ठरलं.

"सात नंबर चालला न्हाय तर लॅब बंद," सयाजीराव मायेने म्हणाले. "तुला काढायचो न्हाय मी. पॅकिंगला जा."

त्या रविवारी वीरेश कॅनडाहून आलेली बरणीभर वाळू घेऊन कोडोलीला गेला. कशासाठी, हे त्याने स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. अप्पांनी चिमूट उचलली, वास घेतला, बोटांत चोळली.

"नुसती वाळू न्हवं ही. चिकणमाती हाय ह्यात. मातीनं धरून ठेवलंय डांबराला."

"अप्पा, केमिकलचं काम आहे ते."

"आन् गूळ काय देवाचं काम हाय व्हय? सोडा किती घालतोस?"

वीरेशने सांगितलं.

"एवढ्यानं गूळ काळा पडंल की."

"डांबर काळंच असतंय, अप्पा."

"म्हणूनच तुला कळंना."

गुऱ्हाळात रस स्वच्छ करायला रानभेंडी वापरतात. तिची देठं ठेचून पाण्यात चोळली की बुळबुळीत पाणी निघतं. ते तापत्या रसात पडलं की घाण गोळा होते. अप्पांनी चुलीवर पातेल्यात वाळू आणि पाणी चढवलं, सोडा पाव हिश्शावर आणला आणि भेंडीचं पाणी ओंजळीने सोडलं. माती गोळ्यागोळ्यांनी तळाला बसली. वर काळाभोर फेस आला, दाट, साईसारखा. अप्पांनी तो सवयीने झाऱ्यावर घेतला आणि फेकायला हात मागे नेला.

"ठेवायचं का टाकायचं हे?"

"ठेवायचं."

"उलटंच हाय की तुमचं. आमी वरचं टाकतो."

अट एकच होती. पाणी ताजं हवं. सकाळी काढलेलं दुपारपर्यंत चालेल, दुसऱ्या दिवशी फक्त वास येईल. म्हणून पाहुण्यांच्या दिवशी भेंडी घेऊन स्वतः यायचं अप्पांनीच ठरवलं. वीरेशने नको म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, की उलट गाडी घेऊन आणायला जायला हवं होतं, यावर त्याने पुढे बराच विचार केला.

अकरा फेब्रुवारीला अप्पा वाठारमार्गे एसटीने आले. धोतर, पटका, खांद्यावर ओल्या पोत्यात गुंडाळलेला गठ्ठा. गेटवर वॉचमन आकारामने रजिस्टर उघडलं.

"नाव काय, पावणं? गाव? काम?"

नाव आणि गाव अप्पांनी सांगितलं. कामाला ते थांबले आणि आतून धावत आलेल्या मुलाकडे त्यांनी पाहिलं.

"भाजी आहे, कॅन्टीनची," वीरेश म्हणाला. "सोड."

लॅबमागच्या नळावर अप्पांनी देठं ठेचली, चोळली, पाणी फडक्याने गाळून दिलं आणि किती घालायचं ते तीनदा सांगितलं. परत निघताना दारातच सयाजीराव पाहुण्यांना घेऊन समोर आले. तिकडची माणसं दिसेल त्याच्याशी हात मिळवतात, तसा पाहुण्यांनी अप्पांपुढे हात केला. अप्पांनी बुळबुळीत हात धोतराला पुसायला घेतला.

"हे कोण रे?" सयाजीरावांनी विचारलं.

एकदा बोललेलं खोटं दुसऱ्यांदा घासून गुळगुळीत झालेलं असतं. "कॅन्टीनचा भाजीवाला, साहेब."

अप्पांचा हात धोतरावरच थांबला. मग त्यांनी दोन्ही हात जोडले. "व्हय जी. भाजी दिली. चाललो." आणि ते खरोखरच कॅन्टीनकडे गेले, कारण भाजीवाला तिकडेच जाणार. उरलेली देठं त्यांनी स्वयंपाकीण धोंडुबाईपुढे ठेवली. हे तिने वीरेशला नंतर सांगितलं. "भाजी हुतीया व्हय ह्याची?" असं तिने विचारलं होतं. ते म्हणाले होते, "न्हाय बाई. म्हशीला घाला."

त्र्याण्णव भाग डांबर निघालं. पाहुण्यांनी दोनदा वजन करून पाहिलं आणि पाण्यात काय आहे ते विचारलं. वीरेशने ते गुपित आहे असं सांगितलं. सयाजीरावांना त्र्याण्णवपेक्षा गुपित जास्त आवडलं. पाहुण्यांनी दहा लिटरचा नमुना मागितला.

पुढच्या रविवारी वीरेश कोडोलीला गेला. अप्पा गुऱ्हाळाबाहेर बसले होते.

"जमलं?"

"जमलं."

"बरं झालं." मग म्हणाले, "भाजीवाल्याला च्या तरी पाजायचा हुता."

नमुन्याचं ऐकून ते म्हणाले, "नासंल ते. बी देतो पुडीत, तिकडंच लावा म्हणावं." पुडी त्यांनी दिलीही. वीरेशने ती खिशात घातली आणि दहा लिटरचा कॅन भरून मुंबईला पाठवला. विमान आणि कस्टम मिळून बावीस दिवस लागले.

पत्र आलं. कॅन फुगलेला होता. उघडणाऱ्याला तोंडाला फडकं बांधावं लागलं. नुसत्या सोड्यापेक्षाही कमी डांबर निघालं. हाताळणीबाबत काही सांगायचं राहिलं असल्यास कळवावं, आम्ही पुन्हा करून पाहू, असं शेवटी सभ्यपणे लिहिलं होतं. सयाजीरावांनी पत्र टेबलावर सरकवलं.

"राहिलं का रे काय सांगायचं?"

एक ओळ पुरली असती. पण त्या ओळीमागे लगेच दुसरी आली असती : तुला कुणी सांगितलं? आणि तिच्यामागे तिसरी : तो भाजीवाला कोण होता?

"न्हाय, साहेब," वीरेश म्हणाला. "सगळं सांगितलंय." साहेबांपुढे त्याच्या तोंडून कधी गावाकडचं 'न्हाय' निघत नसे.

कॅनडाचं काम तिथे संपलं. त्र्याण्णवचा आकडा मात्र कारखान्याच्या माहितीपुस्तिकेत राहिला, आणि आकडा राहिला म्हणून लॅब राहिली, लॅब राहिली म्हणून हुद्दाही. वीरेश पॅकिंगला गेला नाही. अप्पांनी पुन्हा शिरोलीचं नाव काढलं नाही. मुलगाच काढील म्हणून ते वाट पाहत होते का, हे वीरेशने कधी विचारलं नाही, आणि २००८ च्या हंगामात विचारायचं माणूसच गेलं.

पुढच्या वर्षी कारखान्यात प्रमाणपत्राची तपासणी आली. पाच वर्षांपुढची जुनी रजिस्टरं नष्ट करायची, यादीवर सही संशोधन अधिकाऱ्याची. यादीतल्या एका ओळीपाशी वीरेश थांबला. त्याने ते रजिस्टर मागवून घेतलं, पान काढलं, पेनचं टोपणही काढलं. पण जुनी नोंद खोडून दुरुस्त करणं नियमात बसत नाही. हे त्यानेच गेल्या महिन्यात सर्वांना शिकवलं होतं. त्याने टोपण लावलं, यादीत त्या ओळीपुढे 'संदर्भासाठी राखून ठेवणे' असं लिहिलं आणि रजिस्टर आपल्या खणात ठेवलं.

पूरक द्रव्य क्रमांक सातची फाईल दोनशे बारा पानांची आहे. प्रत्येक पानावर व्ही. बी. हत्तरकी अशी सही आहे. त्या सहीतला 'बी' सबंध लिहिलेला कारखान्याच्या कागदांत एकाच ठिकाणी सापडतो : गेट रजिस्टर, ११ फेब्रुवारी २००४, सकाळी ८.४०. भीमाप्पा, कोडोली. काम : भाजी.