ताप येईल, येऊ द्या

“ताप येईल. येऊ द्या,” एवढे बोलून ते पोराचा दंड हातात घेत. हिवाळ्यात आधी स्वतःचे तळवे घासून गरम करीत, मगच पोराला हात लावीत. लकडगंजात त्यांना सगळे देवी डॉक्टर म्हणत. खरे तर ते डॉक्टर नव्हते. देवीची लस टोचत हिंडणारे सरकारी नोकर होते.

मी डोक्यावर बांबू वाहून स्वतःची वखार उभी केलेला माणूस. सांगितलेल्या भावात मी कधी काही घेतले नाही. टोचल्यावर पाचव्या दिवशी माझी मुलगी तापाने फणफणली, तेव्हा मी त्यांना भर रस्त्यात अडवले.

“चांगल्या पोरीले बिमार काहून केलं गा?”

“दोन दिवसांत उतरते, शेठ. ताप आला म्हणजे लस लागली.”

“अर्ध्या तापात नाही का लागत?”

ते हसले. “यात भाव नाही होत.”

ताप उतरला, माझा राग उतरला नाही. दीड वर्षाच्या मुलाची पाळी आली तेव्हा मी मुकाट्याने टोचू दिले आणि त्यांची पाठ वळताच बायकोला म्हणालो, “पूस वं लवकर.” तिने कडुनिंबाच्या पाण्याने दंड पुसून काढला. पोराला ताप आला नाही. सरकारला बरे फसवले, असे मला वाटले.

आठव्या दिवशी ते दंड पाहायला आले. फोड उठलाच नव्हता.

“पुसलं का वं बाई?”

तिने पदराने पोराचा दंड झाकला.

“पुन्हा टोचतो, शेठ. तुमच्या पाया पडतो.”

“निघा,” मी म्हणालो.

त्या उन्हाळ्यात मोहल्ल्यात देवीची साथ आली. मुलीला काही झाले नाही. मुलगा गेला.

अशा घरी कोणी पाऊल टाकत नाही, हे तुम्हीही पाहिले असेल. ते आले, ओट्यावर बसले. मी वाट पाहत होतो. ‘मी म्हटलं होतं’ एवढे जरी ते बोलले असते, तरी मी त्यांची गचांडी धरली असती, भांडून मोकळा झालो असतो. तेवढेही त्यांनी मला दिले नाही. तो राग अजून आहे.

“बाई, पाणी द्या,” ते म्हणाले.

आमच्या घरचे पाणी पंधरा दिवस कोणी घेतले नव्हते. बायकोने तांब्या भरून आणला. सगळा मोहल्ला दारांतून पाहत असताना त्यांनी तो सावकाश पिऊन रिकामा केला, तिच्या हातात परत दिला आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी शेजारणीने बायकोला विहिरीवर जायला हाक मारली. देवी डॉक्टरांची उमरेडला बदली झाल्याचे पुढे तिला तिथेच कळले.