सुभेदार पगारेंचा ठराव

सुभेदार पगारे बैठकीत कधी बसून बोलले नाहीत. बैठक त्यांच्याच घरी असायची, उपनगरातल्या त्यांच्या बैठ्या घराच्या ओट्यावर, सतरंजी अंथरून. आम्ही जेमतेम सात-आठ जण. अध्यक्ष त्यांच्या शेजारीच मांडी घालून बसलेले, हातात पगारेकाकूंनी दिलेला चहा. तरीही बोलायचं असलं की सुभेदार आधी हात वर करायचे, मग उभे राहायचे, सदरा खाली ओढून सारखा करायचे आणि म्हणायचे, "अध्यक्ष महोदय, परवानगी असावी." अध्यक्षांना कप बाजूला धरून मान हलवावी लागायची. ती हलेपर्यंत सुभेदार तसेच उभे.

नवख्या माणसाला हसू यायचं. मलाही पहिल्या दिवशी आलं होतं. बैठक संपली की हाच माणूस सायखेड्याकडच्या त्याच्या मूळ बोलीवर यायचा. "बाई, लय ऊन हाय, जरा थांबून जा," म्हणायचा आणि काकूंना सरबत करायला सांगायचा. बैठकीतली भाषा वेगळी आणि ओट्याखालची वेगळी, हे त्यांनी मनाशी पक्कं ठरवलेलं होतं.

मी नाशिकरोडच्या एका शाळेत मराठी शिकवते. ते एके दिवशी मधल्या सुट्टीत शाळेत आले. आमच्या जिल्ह्याची हौशी सैनिकी क्रीडा संघटना आहे, कार्यकारिणीत एक तरी महिला असली पाहिजे असं घटनेत लिहिलंय, आणि ती जागा बरेच दिवस रिकामी आहे, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, मला पळता येत नाही आणि बंदूक तर मी हातातही धरलेली नाही. ते म्हणाले, "पळायला पोरं आहेत. तुम्ही फक्त बसायचं. पण बसून गप्प राहायचं नाही."

तशी मी संघटनेत गेले. देवळाली कॅम्पच्या पुढे, भगूरच्या रस्त्याला एका ट्रस्टचं मैदान आम्हाला वापरायला मिळालं होतं. तिथं नेमबाजी, अडथळ्यांची शर्यत, लोखंडी गोळा नेमक्या खुणेवर फेकणं आणि रानातली लांब धाव असे फौजेतले खेळ साधी शाळा-कॉलेजातली मुलं शिकायची. शिकवणारे सगळे निवृत्त जवान. कुणाला मानधन नाही. एकदा एक प्रशिक्षक दोन दिवस न सांगता गैरहजर राहिला आणि वर म्हणाला, आपण हौशीच तर आहोत. सुभेदार त्याला शांतपणे म्हणाले, "हौशी म्हणजे पगार नाही. शिस्त नाही असा त्याचा अर्थ नाही."

ते संघटनेचे सचिव होते. तोफखान्यात आयुष्य काढलेला माणूस, आवाज मैदानाच्या पलीकडे जाणारा. मनात आणलं असतं तर त्यांनी संघटना एकट्याच्या हुकमावर चालवली असती, आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांना ते सोयीचंही झालं असतं. पण साधी दोरी बदलायची असली तरी ते बैठक लावायचे, सूचक कोण, अनुमोदक कोण ते विचारायचे, हात वर करायला लावायचे. कुणी कंटाळलं की म्हणायचे, "हुकूम फौजेत. इथं ठराव." त्यांच्या बाहेरच्या खोलीत निळ्या कोटातली तसबीर होती, आणि 'घटना' हा शब्द त्या घरात जपून उच्चारला जायचा. आमच्या चिमुकल्या संघटनेच्या चार पानी घटनेलाही त्यातला थोडा मान मिळत होता, असं मला नेहमी वाटायचं.

अध्यक्ष दिलीपराव हे हॉटेल आणि मंगल कार्यालयाचे मालक. वाईट माणूस नव्हे. स्पर्धेच्या दिवशी मुलांचं जेवण त्यांच्याकडून, बाहेरगावच्या पाहुण्यांची सोय त्यांच्याकडे. पण एका वर्षी राज्य स्पर्धेच्या निवड चाचणीला त्यांचा पुतण्या अर्धी चाचणी झाल्यावर गाडीतून उतरला, आणि कुणी काही बोलायच्या आत मैदानात गेला. त्याच्यामुळे दुसऱ्या एका मुलाची जागा गेली. त्या वेळी सुभेदार काही बोलले नाहीत. पुढच्या सभेत मात्र त्यांनी ठराव आणला : चाचणीची हजेरी सकाळी सातपर्यंत. सातला फाटक बंद. नंतर आलेल्याला प्रवेश नाही, मग तो कुणीही असो. दिलीपरावांनीही हात वर केला. ठराव एकमताने झाला.

त्याच सुमारास सुमन आमच्याकडे आली. पेठच्याही पलीकडच्या एका पाड्यावरची, आश्रमशाळेत बारावीला असलेली मुलगी. सुट्टीत नाशकातल्या मावशीकडे राहायची आणि मैदानावर यायची. अंगकाठी बारीक, बोलणं जवळजवळ नाहीच. पण अडथळ्यांच्या शर्यतीतल्या उंच भिंतीवरून ती अशी जायची की हात भिंतीला लागला की नाही ते दिसायचं नाही. सुभेदार मैदानावर कुणाचं तोंडावर कौतुक करत नसत. तिची पाठ वळली की माझ्याकडे बघून म्हणायचे, "ही राज्यात नंबर काढती बघा." राज्यातला नंबर म्हणजे पोलीस भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेवर हक्क. सुमनला पोलीसच व्हायचं होतं. तसं तिनं एकदाच सांगितलं होतं, तेही मी विचारल्यावर.

चाचणीच्या आदल्या आठवड्यात ती गावी गेली होती. चाचणीच्या सकाळी सातला सुभेदारांनी स्वतः फाटक लावलं. मी हजेरीच्या टेबलाशी होते. सुमन नव्हती. पहिली फेरी सुरू झाली आणि थोड्या वेळानं रस्त्यावर भाजीचा एक पिकअप थांबला. सुमन त्यातून उडी मारून उतरली आणि पळत फाटकाशी आली. पहाटेची एसटी सावळघाटात बंद पडली होती. घाट तिनं चालत ओलांडला, मग ही गाडी मिळाली.

दिलीपराव उठून आले. म्हणाले, "सुभेदार, घ्या तिला आत. एवढं काय त्यात."

सुभेदारांनी फाटकाचा दांडा धरला होता. ते म्हणाले, "साहेब, ठराव आहे. तुम्ही-मी दोघांनी हात वर केलाय."

मग ते सुमनकडे वळले. "पोरी, वेळ झाली. पुढच्या वर्षी ये."

ती एवढंच म्हणाली, "बरं, साहेब." रडली नाही, विनवण्या केल्या नाहीत. बाहेरच्या बाभळीखाली उभी राहून तिनं बाकीच्या मुलींची भिंतीवरची शर्यत पाहिली. मी पाणी घेऊन बाहेर गेले तोवर ती निघून गेली होती. त्या दिवशी सुभेदार जेवले नाहीत. मैदानावरच्या खुणा पुसून, दोऱ्या गुंडाळून झाल्यावरही ते तिथंच रेंगाळत होते.

पुढच्या वार्षिक सभेत त्यांनी आपल्याच ठरावाला दुरुस्ती सुचवली. अपरिहार्य कारण असेल तर उशिरा आलेल्या खेळाडूला कार्यकारिणीनं प्रवेश द्यावा. दिलीपरावांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, चाचणीच्या दिवशी कार्यकारिणी कुठे गोळा करत बसणार, 'कार्यकारिणी' ऐवजी 'अध्यक्ष' असा शब्द घाला. सभेला ते पटलं. मी सुभेदारांच्या शेजारी बसले होते. हळूच म्हटलं, एका माणसाच्या हाती दिल्यावर काय होईल याचा विचार करा.  त्यांनी हरकत घेतली असती तर दुरुस्तीच बारगळली असती. शेवटी म्हणाले, "पोरीसाठी करतोय, बाई." आणि त्यांनी हात वर केला.

त्यानंतरच्या चाचणीला अपरिहार्य कारणं बरीच निघाली. एकाला लग्न होतं, एकाची गाडी बंद पडली, एक तर आलाच नाही, त्याला ताप होता म्हणे. सगळे अध्यक्षांच्या अधिकारात संघात गेले. कागदावर सगळं नियमात होतं. ज्या मुलीसाठी ते कलम आलं ती मात्र त्या वर्षी आलीच नाही.

सुभेदारांनी आश्रमशाळेत चौकशी केली, मग मावशीकडे. कळलं की बारावीनंतर तिचं लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर ती दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला असते. एका रविवारी ते माझ्या दारात येऊन म्हणाले, "चला बाई. मी एकटा गेलो तर पोरगी घाबरंल." आम्ही बसनं गेलो. विरळणीचे दिवस होते. मांडवाखाली बायका ओळीनं उभ्या होत्या, हात वर, माना वर, घडातले बारीक मणी कात्रीनं काढत होत्या. सुमन त्यात होती. तिनं आम्हाला ओळखलं, कात्री पदराला पुसली आणि बांधावर आली. मुकादमाकडे एकदा बघून घेतलं.

सुभेदारांनी तिला सगळं नीट सांगितलं. नियम बदललाय, आता उशीर झाला तरी घेता येतं, अजून तुझं वय आहे, पुढच्या चाचणीला ये. ती ऐकत होती. मग म्हणाली, "साहेब, नियम कशाला बदलला? मी उशिरा आले होते ना."

सुभेदारांनी सदरा खाली ओढून सारखा केला.

ती म्हणाली, "तुम्ही पुढच्या वर्षी ये म्हणाला. मी येणारच होते. आदल्या दिवशी येऊन राहीन म्हटलं, पण मावशी तवर सुरतला गेली. मग नाशकात उतरायचं कुठं? घरच्यांनी सोडलं नाय." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बसच्या वेळा सांगाव्यात तसं ती सांगत होती. मुकादमानं हाक मारली तशी तिनं वाकून सुभेदारांच्या पायाला हात लावला आणि परत मांडवाखाली गेली.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. म्हसरूळ आलं. मग बाहेर बघतच म्हणाले, "बाई, फाटक लावलं त्यात चूक नव्हती. चूक सातची होती. पेठची पहिली गाडी सातच्या आत इथं पोचवतच नाही कुणाला, बंद पडो न पडो. आपण वेळ ठरवली तवा सभेतली सगळी माणसं नाशकात झोपणारी. कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्यासुद्धा नाही." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "आणि वर मी दया घेऊन गेलो तिच्याकडं."

त्या वर्षी त्यांची सचिवपदाची दुसरी मुदत संपली. घटनेप्रमाणे तिसरी घेता येत नव्हती. दिलीपराव मनापासून म्हणाले, तुमच्याइतकं काम कोण करणार, आम्ही खास बाब म्हणून मुदत वाढवतो. सुभेदारांनी नम्रपणे नकार दिला. मला सचिव केलं आणि स्वतः साधे सदस्य म्हणून मागच्या रांगेत जाऊन बसले. बैठका आता दिलीपरावांच्या मंगल कार्यालयात होऊ लागल्या, गुबगुबीत खुर्च्यांवर. सुभेदारांच्या ओट्यावरची सतरंजी काकूंनी धुऊन ठेवून दिली.

पुढच्या हिवाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. तरी वार्षिक सभेला ते आले. खुर्चीची पाठ डाव्या हातानं धरून उभे राहिले. परवानगी मागितली. ठराव वाचायला त्यांना फार वेळ लागला आणि त्या वेळात लोक मोबाईल बघत होते. ठराव असा : चाचणी दुपारी ठेवावी, आणि डोंगरातल्या तालुक्यांतून येणाऱ्या मुलामुलींची आदल्या दिवशी राहायची सोय संघटनेनं करावी. अनुमोदन मी दिलं. चर्चेत एक जण म्हणाला, दुपारी ऊन असतं. दुसरा म्हणाला, प्रमुख पाहुणे सकाळीच मोकळे असतात. मुलींना मुक्कामी ठेवायची जबाबदारी कोण घेणार, असंही कुणी विचारलं. दिलीपराव म्हणाले, सुभेदारांबद्दल आम्हाला आदर आहे, पण व्यवहार बघायला हवा. हात मोजले. बाजूनं आम्ही दोघं.

बाहेर त्यांना रिक्षात बसवताना मी म्हटलं, वाईट वाटून घेऊ नका. त्यांचा डावा हात माझ्या खांद्यावर होता. अडखळत, एकेक शब्द जोडत ते म्हणाले, "वाईट कसलं? मी मांडला, त्यांनी पाडला. बरोबर झालं." मग रिक्षा सुरू झाली. त्यांचा चेहरा एका बाजूनं ओढलेला होता, त्यामुळे त्यांना खरंच तसं वाटत होतं का, ते मला कळलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ते गेले. अंत्ययात्रेला मैदानावरची बरीच मुलं आली होती, काही तर खेळाच्याच कपड्यांत. दिलीपरावही आले आणि खरोखर रडले. सुमनला निरोप कुठे द्यायचा ते मला ठाऊक नव्हतं. विरळणी संपली होती, आणि बागेतली माणसं आपापल्या पाड्यांकडे किंवा दुसऱ्या कामांवर गेली होती.

यंदाच्या वार्षिक सभेत आधी त्यांना श्रद्धांजली झाली. आम्ही सगळे दोन मिनिटं उभे राहिलो. मग पुढचे विषय सुरू झाले. चाचणीचा विषय निघाला तेव्हा मी त्यांचाच ठराव, त्यांच्याच शब्दांत, पुन्हा मांडला. दिलीपरावांनी विचारलं, अनुमोदक कोण? मी सभेकडे पाहिलं. ज्यांना सुभेदारांनी पहिल्यांदा रायफल धरायला शिकवलं ते तिथं होते. ज्यांच्या मुलांना ते सायकलवर मैदानावर घेऊन जायचे तेही होते. कुणी खाली बघत होतं, कुणी पंख्याकडे. दिलीपरावांनी पुन्हा एकदा विचारलं, थोडं थांबले, आणि पुढचा विषय घेतला.

अनुमोदन नसलेला ठराव मताला टाकता येत नाही.