आठव्या घरातला वैमानिक

जेवण झालं की मी माजघरातल्या खाटेवर आडवा होतो. आज झोप लागणार नाही हे ठाऊक असूनही डोळे मिटून पडलोय. चार वाजता गौतमी येणार आहे. आमची ही स्वयंपाकघरातून दोनदा येऊन बजावून गेली, "आज तरी तिला खरं काय ते सांगून टाका." दुपारची उन्हं खिडकीच्या फटीतून आत आलीत, आणि मला लहान मुलासारखं वाटतंय की आपण उठलोच नाही तर चार वाजणारच नाहीत.

गौतमी म्हणजे पुष्कर सोवनीची बायको. पुष्कर माझा विद्यार्थी. आठवी ते दहावी मी त्याला भूगोल शिकवला, आणि तो वैमानिक झाला तेव्हा माझ्या नकाशांमुळेच झाला असं कऱ्हाडभर मिरवत फिरलो. बारा वर्षांपूर्वी अरुणाचलच्या डोंगरांत त्याचं छोटं मालवाहू विमान दिसेनासं झालं. तिसऱ्या दिवशी त्याची आई आणि गौतमी माझ्याकडे आल्या, कारण निवृत्तीनंतर मी पत्रिका बघतो. मी त्या घटकेची प्रश्नकुंडली मांडली. कुंडलीतल्या पहिल्या घराचा, लग्नाचा, स्वामी आठव्या घरात, म्हणजे मृत्यूच्या घरात, शनीला खेटून बसलेला. माझ्या गुरूंची सक्त ताकीद होती की मृत्यू दिसला तरी तोंडातून काढायचा नाही. मग मी छातीठोकपणे म्हणालो, "हयात आहे. अडकून पडलाय. बारा वर्षांच्या आत बातमी येईल." बारा म्हणालो, कारण बेपत्ता माणूस बारा वर्षांनी गेला असं शास्त्र धरतं. तोवर कुणी जाब विचारणार नाही, हा माझा शहाणपणा.

पुष्करची आई अजून माझ्या शब्दावर बसून आहे. अशा बेपत्ता माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, पण सोवनी वहिनी ते नावच काढू देत नाहीत. "रिसबूड सर म्हणू देत, मग करू." गौतमी आता अडतीस वर्षांची आहे. तिच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याने तिला लग्नाचं विचारलंय. ती म्हणते, पुष्कर गेला असेल तर आधी त्याला नीट निरोप देऊ दे, मग पुढचं बोलू. मी त्या मुलीच्या उमेदीची बारा वर्षं खाल्ली. आज तिचे पाय धरायचे आणि सांगायचं की मला हे तेव्हाच कळलं होतं. एवढं ठरवून मी कूस बदलतो.

खाट बाकासारखी टणक लागते. मी भूगोलाच्या वर्गात आहे. पंखा गरगरतोय आणि वारा मात्र येत नाही. भिंतीवरचा भारताचा नकाशा ईशान्येच्या कोपऱ्यात ओला झालाय, तिथून थेंब थेंब पाणी फरशीवर पडतंय.

"हजर, सर."

मी हजेरी घेतलेली नाही. शेवटच्या बाकावर पुष्कर बसलाय, अंगात वैमानिकाचा पांढरा शर्ट, वय तेच सव्वीस. बोलताना त्याच्या तोंडातून वाफ निघते. मला इथे दरदरून घाम फुटलाय.

"पुष्कर, मला माफ कर," मी म्हणतो. "तू गेलास हे मला कुंडलीत दिसलं होतं. मी तुझ्या बायकोशी खोटं बोललो."

"कधी मांडली होतीत कुंडली?"

"तिसऱ्या दिवशी. सकाळी."

"तिसऱ्या दिवशी सकाळी मी जिवंत होतो, सर."

मी त्याच्याकडे जायला निघतो. वर्ग संपत नाही. बाकांच्या रांगा संपल्या की देवदाराची झाडं लागतात, त्यांच्या बुंध्यांवर कर्कटकाने कोरलेली मुलांची नावं आहेत. फळ्याच्या जागी धुकं आहे आणि धुक्यात आमच्या शाळेची घंटा कुणीतरी हळूहळू वाजवतंय. पुष्करचा उजवा पाय बाकाखाली अडकलाय. वाकून बघतो तर तो बाक नाही, विमानाचा मुडपलेला पत्रा आहे.

"पण लग्नाचा स्वामी आठव्या घरात होता," मी म्हणतो. मेलेल्या माणसाशी मी वाद घालतोय, आणि तोही कुंडलीवरून. मास्तरकी काही सुटत नाही.

"तुमचं वाचन चुकलं. तुम्ही बोललात ते बरोबर होतं. मी हयात होतो. अडकून पडलो होतो."

"किती दिवस?"

"हात पुढे करा."

मी हात पुढे करतो. छडी खाणाऱ्या पोराने करावा तसा, आपोआप. त्याची बोटं बर्फासारखी गार आहेत. कोपरापासून मनगटाकडे तो नखाने रेघा ओढू लागतो, एकेक, सावकाश.

"इथे हेलिकॉप्टर वरून गेलं," चौथी ओढताना तो म्हणतो. "इथे पुन्हा गेलं. मी ओरडलो. इथे पाणी संपलं, मग दव चाटलं. इथे गौतमी दिसायला लागली."

मी मनात मोजतोय. एकोणिसाव्या रेघेला त्याचं नख अर्ध्यात थांबतं.

"पुढे?"

"पुढे नख उचललं नाही."

घंटा थांबते. मला रडू येतं आणि मी ते आवरत नाही. "मी तिला काय सांगू रे?"

"गेला म्हणून सांगा. तिला मोकळी करा. आईलाही." तो माझ्या हाताकडे बघतो. "एवढं मात्र सांगू नका."

"अजून किती खोटं बोलायला लावतोस?"

"मागच्या वेळी कुठे बोललात, सर? हे पहिलंच."

"अहो, उठा. गौतमी आलीय."

चार वाजून गेलेत. ही दारात उभी आहे. मी खुंटीवरचा पूर्ण बाह्यांचा सदरा काढायला हात वर करतो, आणि तो तसाच वर राहतो. कोपरापासून मनगटापर्यंत बारीक लाल रेघा आहेत. मी त्या मोजतो. शेवटची अर्धीच आहे. या उकाड्यात हात मात्र गारठलाय.

गौतमी बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसलीय. मी समोर बसतो.

"पुष्कर गेला, बाळ," मी म्हणतो. "विधी करून घे. वहिनींना मी स्वतः येऊन सांगतो."

ती मान हलवते. पदर तोंडाशी धरते. आतून हिने पाणी आणून ठेवलंय, त्याला ती हात लावत नाही.

"सर, एकच सांगा," ती शेवटी म्हणते. "त्याने आमची वाट बघितली असेल का हो?"

मी सदऱ्याची बाही मनगटाच्या खालपर्यंत ओढून धरतो.

"नाही गं," मी म्हणतो. "त्याला काही कळलंसुद्धा नाही."